रिव्हर्स कॅमेरा आणि माणूस ओळखणारा कॅमेरा: फोर्कलिफ्टच्या मागे कोणता हवा?

भिवंडीच्या गोदामासाठी किंवा चाकणच्या कारखान्यासाठी फोर्कलिफ्टचा ‘स्मार्ट कॅमेरा’ मागवला, तर दोन अगदी वेगळ्या वस्तूंपैकी कोणतीही एक हाती पडू शकते. एक म्हणजे मागचं दृश्य पडद्यावर दाखवणारा साधा रिव्हर्स कॅमेरा. दुसरी म्हणजे त्या दृश्यातला माणूस ओळखून स्वतःहून बझर वाजवणारा एआय कॅमेरा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: छोटा काळा डबा, केबल, सात इंची पडदा. दोन्हींच्या पडद्यावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टेही असतात, आणि गफलत बहुधा या पट्ट्यांमुळेच होते.

साध्या कॅमेऱ्यात ते पट्टे चित्रावर नुसते आखलेले असतात. लाल रेषेच्या आत माथाडी कामगार आला, रिकामं पॅलेट आलं किंवा काहीच नसलं, तरी रेषेला त्याचं काही नाही. एआय कॅमेऱ्यात प्रत्येक पट्टा म्हणजे मोजलेलं अंतर असतं. माणूस दिसला की त्याच्याभोवती चौकट उमटते, तो कोणत्या पट्ट्यात आहे हे ठरतं आणि त्याप्रमाणे इशारा मिळतो. लाल पट्टे पाहून ‘आपल्या गाडीला माणसं कळतात’ असं धरून चालणारा ऑपरेटर कॅमेराच नसलेल्या ऑपरेटरपेक्षा जास्त धोक्यात असतो, कारण त्याने मान वळवणं कमी केलेलं असतं.

फोर्कलिफ्ट उलटी चालवणं हा रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. माल उंच असला की समोरचं दिसत नाही, मग माल मागे ठेवून उलटं जायचं. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांत तर हे स्पष्ट बंधनच आहे. भरलेली गाडी रॅम्पवरून उतरवतानाही मालाची बाजू चढाकडे ठेवावी लागते, म्हणजे उतरायचं उलटंच. शिवाय फोर्कलिफ्टची मागची चाकं वळतात. ऑपरेटर वळण घेतो तेव्हा काउंटरवेटचा (गाडीच्या मागच्या जड वजनाचा) कोपरा विरुद्ध बाजूला झपाट्याने बाहेर फिरतो आणि शेजारून चालणाऱ्याला किंवा रॅकला लागतो. सरळ मागे पाहणाऱ्या एकाच कॅमेऱ्याला हा कोपरा नीट दिसत नाही. त्यामुळे माणसांची वर्दळ असलेल्या अरुंद वाटांवर मागच्या कॅमेऱ्याबरोबर दोन बाजूंनाही कॅमेरे लागतात, मग प्रकार कोणताही असो.

पाहायचं काम कोण करतं?

खरा फरक इथे आहे. साध्या कॅमेऱ्यात पाहणारा ऑपरेटरच असतो. त्याने पडद्याकडे बघितलं तरच उपयोग. पण उलटं जाताना त्याची मान मागे वळलेली असायला हवी, आणि पडदा सहसा पुढे स्टिअरिंगजवळ बसवलेला असतो. दोन्हींकडे एकाच वेळी बघता येत नाही. म्हणून साधा कॅमेरा लावायचाच असेल, तर पडदा गाडीच्या मागच्या खांबाजवळ, मान वळवल्यावर नजर सहज जाईल अशा जागी लावावा आणि चित्र आरशासारखं उलटं न करता जसंच्या तसं ठेवावं. नाही तर उजवीकडचा माणूस पडद्यावर डावीकडे दिसतो.

एआय कॅमेरा कामाला येतो तो ऑपरेटरचं लक्ष दुसरीकडे असताना: फोर्कचं टोक रॅकमधून सुटलं का हे तो बघत असताना, डॉकवरच्या सुपरवायझरने हाक मारली तेव्हा, पाळीच्या शेवटच्या तासात. ज्या गोदामात माणसं आणि गाड्या एकाच वाटेने फिरतात, तिथे आमच्या मते पैसे एआय कॅमेऱ्यावरच घालावेत. जिथे माणसं येतच नाहीत आणि अडचण फक्त रॅकचे खांब ठोकले जाण्याची आहे, तिथे साधा कॅमेरा पुरतो. त्याला पॅलेट, खांब, भिंत सगळं सारखंच दिसतं. बहुतेक एआय कॅमेरे खांबासाठी वाजत नाहीत. त्यांना शिकवलेलं असतं ते माणूस ओळखायला.

‘मोशन डिटेक्शन’ असलेला कॅमेराही कधीकधी एआय म्हणून खपवला जातो. भिंतीवर बसवला तर तो काम देतो. फोर्कलिफ्टवर मात्र गाडीच हलत असते, त्यामुळे कॅमेऱ्याच्या दृष्टीने अख्खं गोदाम हलतं आणि बझर सतत वाजतो. दोनेक दिवसांत ऑपरेटर त्याची वायर काढून ठेवतो. अल्ट्रासॉनिक सेन्सरचं दुखणंही हेच: समोर काहीही आलं तरी तो वाजतो, आणि अरुंद गल्लीत तर दोन्ही बाजूंना रॅक असतातच.

अंतर किती ठेवायचं

एआय कॅमेरा बसवताना पट्ट्यांची अंतरं भरावी लागतात आणि बरेच जण कारखान्यातून आलेलं सेटिंग तसंच ठेवतात. ते चुकीचं आहे. ताशी ८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २.२ मीटर. कॅमेऱ्याला ओळखायला ०.३ सेकंद आणि ऑपरेटरला ब्रेकवर पाय द्यायला १ सेकंद धरला, तर ब्रेक लागण्याआधीच गाडी जवळपास २.९ मीटर मागे गेलेली असते. कोरड्या जमिनीवर मध्यम ब्रेकिंग धरलं तर थांबायला आणखी सव्वा मीटर. एकूण चार मीटरच्या वर. जमीन ओली असेल आणि पकड निम्मी झाली असेल, तर साडेपाच मीटरच्या आसपास. म्हणजे ताशी ८ किलोमीटरने चालणाऱ्या गाडीवर लाल पट्टा २ मीटरवर ठेवला, तर बझर वाजेल तेव्हा वेळ निघून गेलेली असेल.

ताशी १२ किलोमीटरला हाच हिशेब ७ मीटरच्या पुढे जातो, ताशी ५ ला २.३ मीटरवर येतो. यातून उलट दिशेनेही विचार करता येतो: गल्ली छोटी असेल आणि सात मीटरचा पट्टा ठेवला तर कॅमेरा दिवसभर वाजत राहील. अशा ठिकाणी पट्टा कमी करू नका, रिव्हर्सचा वेग गाडीच्या मोटर कंट्रोलरमधून कमी करून घ्या. बऱ्याच इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टमध्ये तशी सोय असते आणि उत्पादकाचा सर्व्हिस इंजिनिअर ती लावून देतो.

एआय कॅमेरा कुठे फसतो

बरेचसे एआय कॅमेरे एकाच लेन्सवर चालतात. एका लेन्सला खोली थेट मोजता येत नाही, म्हणून सॉफ्टवेअर माणसाचे पाय जमिनीला कुठे टेकले आहेत यावरून अंतर काढतं. पाय पॅलेटमागे झाकले गेले की अंदाज चुकतो. रॅम्पवर जमीन तिरकी असते, तिथेही चुकतो. आणि कॅमेऱ्याला धक्का बसून तो थोडासा जरी वाकला, तरी सगळे पट्टे सरकतात. पडद्यावर मात्र सगळं ठीक दिसतं. दोन लेन्सचे कॅमेरे खोली वेगळ्या पद्धतीने मोजतात आणि इथे कमी फसतात, पण महाग पडतात.

वाकून लेबल वाचणारा, उकिडवा बसून खोक्याला पट्टी बांधणारा, खोकं छातीशी धरून चालणारा, ताडपत्री पांघरून पावसातून आलेला माणूस: सॉफ्टवेअरला माणसाचा जो आकार शिकवलेला असतो त्यापेक्षा हे सगळे वेगळे दिसतात. डॉकच्या उघड्या शटरसमोर दुपारी उभा असलेला माणूस नुसती काळी सावली होतो. जून ते सप्टेंबर लेन्सवर थेंब असतात, उन्हाळ्यात धूळ. शीतगृहातून गाडी बाहेर आली की बाहेरच्या दमट हवेने लेन्सवर वाफ धरते. तिथे लेन्सला हीटर असलेलाच कॅमेरा घ्या. आणि रॅकच्या पलीकडून येणारा माणूस दोन्ही कॅमेऱ्यांना दिसत नाही. आंधळ्या कोपऱ्यांसाठी कामगारांच्या अंगावर टॅग असलेली रेडिओ यंत्रणा किंवा निदान बहिर्गोल आरसा लागतो. अर्थात टॅग न घातलेला ट्रक ड्रायव्हर त्या यंत्रणेला अजिबात कळत नाही.

म्हणून आधी जमिनीवर पादचाऱ्यांची वाट रंगवून तिला रेलिंग लावा, मग कॅमेरा घ्या. बहुतेक एआय कॅमेरे चालकाला मदत म्हणूनच विकले जातात. गाडी हमखास थांबवणारं सुरक्षा उपकरण म्हणून त्यांना प्रमाणपत्र नसतं, आणि मान वळवून पाहणं चुकत नाही.

बसवताना

इलेक्ट्रिक फोर्कलिफ्टची बॅटरी सहसा ४८ किंवा ८० व्होल्टची असते, कॅमेरा १२ किंवा २४ व्होल्टवर चालतो. मध्ये डीसी-डीसी कन्व्हर्टर लागतो आणि तो आयसोलेटेड (आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना तारेने न जोडलेला) हवा, कारण या गाड्यांत बॅटरीचा निगेटिव्ह चासीला जोडलेला नसतो. कारचा साधा कन्व्हर्टर लावून कॅमेऱ्याचं धातूचं अंग चासीला टेकलं, की इन्सुलेशन बिघडतं आणि कंट्रोलरमध्ये फॉल्ट येऊ शकतो. कन्व्हर्टरच्या आधी, बॅटरीच्या बाजूला, वेगळा फ्यूज घाला.

कॅमेरा ओव्हरहेड गार्डच्या मागच्या आडव्या पट्टीवर क्लॅम्पने लावा. गार्डला भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका. वरून माल पडला तर ऑपरेटरचं डोकं त्याच सांगाड्यामुळे वाचतं. डिझेल गाडीत काउंटरवेटवर कॅमेरा लावला तर रेडिएटरची गरम हवा थेट त्याच्यावर येते. फोर्कलिफ्टची चाकं बहुतेक भरीव रबराची असतात, सस्पेन्शन नसतं, त्यामुळे प्रत्येक खड्डा कनेक्टरपर्यंत पोचतो. स्क्रूने आवळला जाणारा कनेक्टर घ्या आणि केबल हायड्रॉलिक पाइपांपासून लांबून न्या. इशारा फक्त रिव्हर्समध्ये यावा म्हणून सिग्नल रिव्हर्स बझरच्या तारेतून घ्या. वेग आपोआप कमी करण्यासाठी कॅमेऱ्याचा रिले कंट्रोलरला जोडायचा असेल, तर आधी उत्पादकाची लेखी परवानगी घ्या. सॉल्व्हंट किंवा रंगाच्या गोदामात ज्वालारोधक (फ्लेमप्रूफ, म्हणजे ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारी) फोर्कलिफ्ट असेल, तर तिच्यावर साधा कॅमेरा लावायचाच नाही.

रेकॉर्डिंग होणार असेल तर ते कशासाठी आणि कोण बघणार हे ऑपरेटरांना आणि माथाडींच्या टोळीला आधी सांगा. आपल्यावर पाळत आहे असं वाटलं की लेन्सवर चिकटपट्टी येते.

घेण्यापूर्वीची चाचणी

विक्रेत्याला आपल्या गोदामात, आपल्याच गाडीवर कॅमेरा लावून दाखवायला सांगा. जमिनीवर खडूने २, ४, ६ मीटरच्या रेषा आखा. गाडी उभी, हँडब्रेक लावलेला, लिव्हर रिव्हर्सला, आणि ऑपरेटरचा पाय पेडलवर नाही. आधी मागे एक ड्रम ठेवा: कॅमेरा गप्प राहायला हवा. मग माणूस रेषांवरून चालवा, पाठमोरा उभा करा, उकिडवा बसवा, खोकं हातात द्या, अर्धा पॅलेटमागे ठेवा. हेच शटर उघडं ठेवून दुपारी आणि दिवे लावून रात्री करा. पडद्यावरचा पट्टा आणि खडूची रेषा अर्ध्या मीटरपेक्षा जास्त चुकत असेल, तर उंची आणि कोन पुन्हा भरून घ्या.

सुरू झाल्यावर प्रत्येक पाळीच्या आरंभी एवढंच: लेन्स ओल्या मऊ कापडाने पुसायची, क्लॅम्प हलवून बघायचा, आणि एका सहकाऱ्याने ४ मीटरच्या कायमच्या रंगवलेल्या खुणेवर उभं राहायचं. बझर वाजला नाही, तर त्या पाळीत गाडी कॅमेरा नसल्यासारखी चालवायची, म्हणजे कमी वेग आणि मागे हातवारे करणारा माणूस, आणि लॉगबुकात नोंद करून दुरुस्ती मागवायची.