अडीचशे डॉलर आणि पाकीटभर बी

५ जानेवारी १९४८. बॉस्टनच्या जमैका प्लेन भागातल्या आर्नल्ड आर्बोरेटमच्या टपालात चीनहून एक पाकीट आलं. आत बी होतं. शेवग्याच्या बीला असतात तसे पातळ पापुद्र्याचे पंख, पण बी इतकं बारीक की चिमटीत डझनभर सहज मावावं. हे बी ज्या झाडाचं होतं ते सात वर्षांपूर्वीपर्यंत कुणाच्याही वनस्पतींच्या यादीत नव्हतं, आणि पहिल्यांदा यादीत आलं तेही दगडात उमटलेल्या पानांवरून.

आर्बोरेटम म्हणजे वृक्षोद्यान. पण नुसतं फिरायला जायचं उद्यान नव्हे. हार्वर्ड विद्यापीठाचं हे वृक्षोद्यान १८७२ साली सुरू झालं आणि तेव्हापासून तिथलं मुख्य काम म्हणजे जगभरातल्या वृक्षांचं बी मिळवणं, ते रुजवून बघणं, नोंदवहीत चढवणं आणि जादा झालेलं दुसऱ्याला देणं. यातलं बरंचसं काम टपालाने चाले. बी पाठवा, त्या बदल्यात आमच्याकडचं मागा. पैशांचा हिशेब क्वचित, पत्रांचा मात्र चोख. गोकर्णाच्या किंवा वालाच्या बिया वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून माहेरी पाठवणाऱ्या बाईला हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. फरक एवढाच की इथे पुडीवर क्रमांक असतो.

त्या क्रमांकाकडे आपण परत येऊ. आधी झाड.

१९४१ साली शिगेरू मिकी या जपानी पुरावनस्पती-शास्त्रज्ञाने जपानमधल्या चिकणमातीच्या थरांतले पानांचे आणि शंकूंचे जीवाश्म तपासले. बाकीचे अभ्यासक असे नमुने अमेरिकेतल्या सिक्वॉया (म्हणजेच रेडवुड) किंवा टॅक्सोडियम या वृक्षांच्या खात्यात टाकत. मिकीला एक गोष्ट खटकली. सिक्वॉयाची बारकी पानं काडीवर एकाआड एक येतात, ही जोडीजोडीने समोरासमोर होती. शंकूचे खवलेही तसेच, समोरासमोर. एवढ्या फरकावर त्याने नवी प्रजाती मांडली आणि नाव दिलं मेटासिक्वॉया. प्रजाती अर्थात नामशेष. दगडातच सापडली होती ना.

त्याच वर्षी, तेव्हाच्या सिच्वान आणि हुपे प्रांतांच्या सीमेवरच्या मोदाओ गावातून गान दुओ नावाचे वनशास्त्राचे प्राध्यापक चालले होते. गावात एक प्रचंड झाड होतं आणि त्याच्या पायथ्याशी छोटं देऊळ. हिवाळा असल्याने पानं झडलेली. गावकरी झाडाला ‘शुइशा’ म्हणत, पाण्याकाठचा देवदार म्हणा हवं तर. पानं नाहीत म्हणून नमुना घेतला गेला नाही. देवळाशी असलेलं झाड गावाने राखावं, हे आपल्याकडच्या देवराया पाहिलेल्यांना नवं नाही. हा वृक्ष मोदाओत टिकला त्यात त्या देवळाचा वाटा असणार, असं मला राहून राहून वाटतं.

१९४३ मध्ये वांग झान या वन-अधिकाऱ्याने फांदी आणि शंकू गोळा केले, पण त्याला ते आधीच माहीत असलेल्या दुसऱ्या एका झाडाचे वाटले. तो नमुना हस्ते-परहस्ते झेंग वानजुन या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे पोचला आणि झेंगला मात्र शंका आली. त्याने आपला विद्यार्थी श्वे जिरू याला १९४६ मध्ये दोनदा मोदाओला धाडलं. यांगत्सीकाठच्या वानशियनपासून पुढे पायीच वाट. फेब्रुवारीत गेला तेव्हा झाडावर एक पान नव्हतं, म्हणून मे महिन्यात पुन्हा गेला. झेंगने नमुने पेकिंगला हू शियानसू यांच्याकडे पाठवले. हू यांनी मिकीचा लेख वाचलेला होता. चीन आणि जपान यांचं आठ वर्षांचं युद्ध संपून जेमतेम वर्ष झालं होतं, आणि एका जपान्याने दगडावरून केलेलं वर्णन एका चिनी अभ्यासकाने जिवंत फांदीला लावून पाहिलं आणि ते तंतोतंत जुळलं. १९४८ मध्ये हू आणि झेंग यांनी मिळून मेटासिक्वॉया ग्लिप्टोस्ट्रोबॉइडीस हे नाव प्रसिद्ध केलं.

हू यांची डॉक्टरेट हार्वर्डची, १९२५ सालची. त्यामुळे आर्नल्ड आर्बोरेटम त्यांच्या ओळखीचं. तिथे एल्मर मेरिल होते. मेरिल यांनी दोन दशकांहून अधिक काळ मनिलात काढला होता, पूर्व आशियातल्या वनस्पतींवर त्यांचा हात बसलेला होता आणि पत्रं लिहिण्याचा त्यांना कंटाळा नव्हता. चीनहून बातमी आणि वाळवलेले नमुने आल्यावर त्यांनी उत्तरात बी मागितलं आणि गोळा करायला २५० डॉलर पाठवले. मोहिमेचा खर्च म्हणून ही रक्कम हास्यास्पद वाटते. पण चीनमध्ये तेव्हा चलनवाढीने कहर केला होता, स्थानिक नोटांना किंमत उरली नव्हती आणि डॉलरला होती. १९४७ च्या शरदात झेंगचा सहकारी ह्वा जिंगछान मोदाओला गेला. जवळच्या दऱ्यांत त्याला आणखी झाडं मिळाली आणि पोतडीत बी. जानेवारीचं ते पाकीट याच फेरीतलं. मागाहून आणखी आलं.

आता टपालाचा प्रश्न. सगळं बी पाकिटातून जात नाही. आंब्याची कोय किंवा फणसाची आठळी पाकिटात घालून बोटीने बॉस्टनला पाठवली तर पोचेपर्यंत मेलेली असेल. अशा बियांमध्ये पाणी भरपूर असतं, त्या झाडावरून पडल्या की लगेच रुजायच्या तयारीत असतात आणि वाळल्या की संपल्या. दुसऱ्या प्रकारच्या बिया वाळण्यासाठीच बनलेल्या. पिकताना त्या आपल्यातलं पाणी घालवतात, पेशींमध्ये काही शर्करा आणि प्रथिनं साठवतात आणि त्यांच्या आधाराने आतली सगळी यंत्रणा जवळपास थांबवून ठेवतात. थंडीत, कोरड्या जागी ठेवल्या की वाट पाहतात. मेटासिक्वॉयाचं बी या दुसऱ्या गटातलं. ते आंब्यासारखं असतं तर ही गोष्ट चीनमधून बाहेर पडली नसती, निदान पाकिटातून तरी नाही.

मेरिल यांनी पुढे जे केलं ते मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जगात दुसऱ्या कुणाकडे नसलेलं बी हातात आल्यावर ते आपल्याच आवारात रुजवून मिरवायचा मोह कुणालाही झाला असता. मेरिल यांनी ते वाटून टाकलं. छोट्या छोट्या पाकिटांतून, शेकडो ठिकाणी: अमेरिकेतली उद्यानं, युरोपातली उद्यानं, विद्यापीठं, रोपवाटिका, हौशी बागाईतदारसुद्धा. सेंट लुईसच्या मिसुरी बोटॅनिकल गार्डनमधली जुनी झाडं १९४८ च्या याच बियांची. यात उदारपणा होता तसा रोकडा हिशेबही होता. या झाडाला कुठली हवा मानवते, थंडी किती सोसते, माती कोणती लागते, यातलं काहीच माहीत नव्हतं. एका जागी लावलं आणि एका कडक हिवाळ्यात गेलं तर सगळंच गेलं. शंभर ठिकाणी लावलं तर शंभर उत्तरं मिळतात. आणि घाई करणंही शहाणपणाचं ठरलं. १९४९ मध्ये चीनमध्ये सत्ता बदलली आणि अमेरिकेशी चाललेली ही देवघेव कित्येक वर्षांसाठी थांबली.

दरम्यान कॅलिफोर्नियाचे पुरावनस्पती-शास्त्रज्ञ राल्फ चेनी यांना राहवलं नाही. १९४८ च्या सुरुवातीला ते सॅन फ्रान्सिस्कोचा पत्रकार मिल्टन सिल्व्हरमन याला घेऊन थेट मोदाओला गेले. ‘डॉन रेडवुड’, पहाटेचा रेडवुड, हे नाव याच प्रवासातून वर्तमानपत्रांत आलं आणि चिकटलं. चेनी परतताना चार रोपं घेऊन आले. त्यांचा एक किस्सा सांगतात. होनोलुलूला अधिकाऱ्याने रोपं अडवली, कारण माती आणि झाडं आणायला मनाई. वाद वाढला. शेवटी अधिकाऱ्याने विचारलं, ही दीडशे वर्षांहून जुनी आहेत का? तशी असती तर पुराणवस्तू म्हणून सोडता आली असती. चेनी म्हणाले, दीडशे कसली, लाखो वर्षं जुनी आहेत. रोपं सुटली. पुढे चेनी यांनी एक रोप जपानच्या सम्राट हिरोहितोंना दिलं आणि ते टोकियोच्या राजवाड्यातल्या बागेत लागलं. मिकीने ज्या देशात त्याला नामशेष म्हणून नोंदवलं त्याच देशात. शोधाचं श्रेय कुणाचं यावरून अमेरिकेत थोडी कुरबूर झाली. ते श्रेय मोदाओपर्यंत पायी चालत जाणाऱ्यांचं आहे, हे माझं मत.

वाटलेल्या बियांची उत्तरं काही वर्षांतच यायला लागली आणि आर्बोरेटमच्या ‘आर्नोल्डिया’ या पत्रिकेतून ती सर्वसामान्य बागकाम करणाऱ्यांपर्यंत पोचली. झाड भराभर वाढतं. ओल आवडते, ऊन भरपूर हवं. शरदात अवेळी कडाक्याची थंडी पडली तर कोवळे शेंडे जळतात, म्हणून खोलगट, थंड हवा साचणाऱ्या जागी लावू नये. छाट कलम सहज लागतं. ही शेवटची गोष्ट रोपवाटिकांना फारच सोयीची पडली, कारण पहिली कित्येक वर्षं या तरुण झाडांना शंकू यायचे पण परागाचा पत्ता नसायचा, त्यामुळे बी पोकळ निघायचं. परसदारात लावू पाहणाऱ्याला एक इशाराही असे, की हे झाड तीस मीटरच्याही वर जातं. कंपाउंडच्या कडेला हौसेने लावलेला नारळ घराच्या छपरावर झुकू लागल्यावर होते तशी पंचाईत, फक्त कितीतरी मोठी.

आणि सर्वांत महत्त्वाचा सल्ला: हिवाळ्यात पानं झडली म्हणून मेलं समजून तोडू नका. सूचिपर्णी झाडं सदाहरित असतात ही इतकी रुळलेली समजूत की अनेकांना तो धक्का बसे. मेटासिक्वॉयाची पानं शरदात विटकरी, तांबूस होतात आणि पानांसकट बारक्या काड्याच गळून पडतात. याचं कारण काय? कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या ॲक्सल हायबर्ग बेटावर सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीचे याच प्रजातीचे बुंधे मिळाले आहेत. ते दगड झालेले नाहीत, लाकूड अजून करवतीने कापता येतं. तेव्हा तिथली हवा उबदार होती, पण सूर्य आजच्यासारखाच महिनोन्‌महिने उगवत नसे. अंधारात पानं पोसण्यापेक्षा ती टाकून दिलेली बरी, असं साधं उत्तर बरेच दिवस दिलं जायचं. मग २००३ मध्ये संशोधकांनी मेटासिक्वॉयासह काही झाडं ध्रुवीय प्रकाशमानात आणि जादा कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवून मोजमाप केलं. पानं गाळणाऱ्या झाडांचं कार्बनचं नुकसान सदाहरित झाडांपेक्षा जास्तच निघालं. दर वर्षी नवी पालवी घडवायचा खर्च आपण धरलाच नव्हता. म्हणजे साधं उत्तर गेलं आणि प्रश्न पुन्हा उघडा पडला.

आता तो पुडीवरचा क्रमांक. आर्नल्ड आर्बोरेटममध्ये आलेल्या प्रत्येक बियाण्याला त्या वर्षाच्या आवकेतला अनुक्रम मिळतो आणि त्यापुढे वर्ष. त्या क्रमांकाची पट्टी झाडावर असते आणि तो धरून मागे गेलं की पत्र सापडतं. जगभरच्या उद्यानांनी अशा नोंदी ठेवल्या म्हणूनच काही दशकांनी एक नकोसं सत्यही समोर आलं. युरोप-अमेरिकेतली बहुतेक झाडं त्या १९४७ च्या बियांची किंवा त्या झाडांच्या कलमांची, आणि ते बी मोजक्याच मातृवृक्षांचं. सगळी एकमेकांची भावंडं आणि चुलत भावंडं. त्यात पराग वाऱ्यावर जातो, आणि उद्यानात एकटंच झाड असलं तर ते स्वतःलाच फळवतं. अशा बियांतून थोडीच रोपं उगवतात आणि उगवतात ती अनेकदा किरटी. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात १९८० च्या दशकात यावर काम झालं. उदारपणे वाटलं ते खरं, पण वाटायला होतं तेच थोडं होतं.

चीनचं दार तोवर पुन्हा किलकिलं झालं होतं. वूहान शहराने मेटासिक्वॉयाला आपला नगरवृक्ष केलं होतं आणि रस्त्यांच्या कडेने तो रांगांनी लागला होता, पण रानातली मूळ झाडं मोदाओ ज्यात येतं त्या लिचुआन परिसरात पाच-सहा हजारच. १९९० च्या सुमारास तिथल्या पन्नासेक वेगवेगळ्या मातृवृक्षांचं बी अमेरिकेत आलं. या वेळी सगळं एकत्र मिसळलं नाही. एका झाडाचं बी एका पाकिटात, आणि त्या आईचा क्रमांक पाकिटावर. त्यातली रोपं ओहायोतल्या डॉझ आर्बोरेटममध्ये आज ओळींत उभी आहेत. हिवाळ्यात गेलात तर पानं नसतील.