ओतं येथील लाजरच्या कॅथीड्रलचे पश्चिम प्रवेशद्वार

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील ओतं या गावच्या कॅथीड्रलचे, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचे, पश्चिमेकडील मुख्य द्वार. संत लाजर याच्या नावाने बांधलेल्या या वास्तूचे काम इ. स. ११२० च्या सुमारास सुरू झाले. द्वारावरील ‘अंतिम न्याया’चा (जगाच्या अखेरीस ख्रिस्त सर्व माणसांचा निवाडा करतो त्या प्रसंगाचा) शिल्पपट साधारणपणे ११३० ते ११३५ या काळातला मानला जातो आणि रोमनेस्क, म्हणजे गॉथिकपूर्व मध्ययुगीन युरोपीय शैलीतील, शिल्पकलेच्या सर्वश्रेष्ठ कामांत त्याची गणना होते. चर्चच्या दारावर एवढी मोठी शिल्पयोजना कोरण्याची प्रथा तेव्हा नवीनच होती. फ्रान्समध्ये ती अकराव्या शतकाच्या अखेरीपासून रुजू लागली आणि पुढच्या दोन पिढ्यांत म्वासाक, वेझले, काँक आणि ओतं येथे तिने पूर्ण रूप धारण केले.

ओतं हे मूळचे रोमन नगर. सम्राट ऑगस्टसच्या नावावरून त्याला ऑगस्टोडूनम म्हणत. त्याच्या दोन रोमन वेशी आजही उभ्या आहेत. त्यांवरील खोबणीदार अर्धस्तंभ बाराव्या शतकातील पाथरवटांच्या रोज नजरेसमोर होते, आणि कॅथीड्रलच्या आतील भिंतींवर त्यांनी त्यांची सरळसरळ पुनरावृत्ती केली आहे. दुसरा प्रभाव जवळच्या क्लूनी येथील मठाच्या भव्य चर्चचा होता. बांधकाम पूर्ण होण्याआधीच, डिसेंबर ११३० मध्ये, पोप दुसरा इनोसंट याने या चर्चचा अभिषेक केला. येशूने मेलेल्यांतून उठवलेल्या लाजरचे अवशेष म्हणून पूजले जाणारे अस्थिशेष ११४६ मध्ये येथे आणण्यात आले. वेझले येथे मग्दालिया मरीयेचे अवशेष असल्याचा दावा होता आणि मध्ययुगीन समजुतीनुसार ती लाजरची बहीण. त्यामुळे या दोन तीर्थांच्या लौकिकात आप्तभाव होता तशी चढाओढही होती. हे चर्च बांधले गेले ते यात्रेकरूंसाठी. कॅथीड्रलचा दर्जा त्याला ११९५ मध्ये मिळाला.

द्वाराची रचना समजून घेतल्याशिवाय त्यावरील शिल्पांची मांडणी कळत नाही. रोमनेस्क भिंत अतिशय जाड असते. तिच्यात दार काढताना आतल्या बाजूस लहान होत जाणाऱ्या कमानी एकापुढे एक बसवल्या जातात आणि बाजूच्या भिंतींनाही तशाच पायऱ्या पाडून त्यांत खांब उभे केले जातात. वरच्या भिंतीचे वजन या कमानी पेलतात आणि खांबांवाटे जमिनीत उतरवतात. सर्वांत आतल्या कमानीखाली उरणाऱ्या अर्धवर्तुळाकार जागेवर, ज्याला टिंपॅनम म्हणतात, फारसा भार येत नाही. शिल्पकाराला मोकळा फलक मिळतो तो यामुळेच. टिंपॅनमच्या तळाशी दाराची आडवी पाषाणपट्टी असते, आणि दार रुंद असल्यास ती पट्टी मध्यभागी खचू नये म्हणून तिला एका स्तंभाचा आधार देतात. या स्तंभामुळे दाराचे दोन भाग होतात. ओतं येथे त्यावर लाजर आणि त्याच्या दोन्ही बाजूंस मार्था व मरीया या बहिणी होत्या. आज दिसतात त्या मूर्ती एकोणिसाव्या शतकातील आहेत. द्वारापुढचा रुंद पायऱ्यांचा खोल मंडप बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात जोडला गेला. त्याने शिल्पांना पावसापासून जपले, पण समोरून सहज मिळणारा प्रकाशही अडवला.

सहा मीटरांहून अधिक रुंद असलेल्या टिंपॅनमच्या मध्यभागी बदामाच्या आकाराच्या प्रभावळीत ख्रिस्त बसला आहे. त्याचे दोन्ही हात खाली, बाजूंना पसरलेले आहेत आणि चार देवदूतांनी प्रभावळ धरली आहे. इतर आकृतींच्या तुलनेत तो अवाढव्य आहे, कारण या शैलीत आकारमान अंतरावरून ठरत नाही, ते पदावरून ठरते. सगळ्याच आकृती विलक्षण लांबट आहेत. पाय काटकुळे, अंगावरची वस्त्रे बारीक समांतर चुण्यांची. शरीररचनेच्या दृष्टीने हे चुकीचे आहे, आणि नंतरच्या काळातील अभिरुचीला ते ओबडधोबड वाटले. परंतु भय आणि आतुरता दाखवण्यासाठी याहून परिणामकारक शरीरे क्वचितच कोरली गेली असतील.

ख्रिस्ताच्या उजव्या हाताला, म्हणजे पाहणाऱ्याच्या डावीकडे, तारण पावलेल्यांची बाजू आहे. तेथे प्रेषित त्याच्याकडे मान वळवून उभे आहेत, पेत्राकडे किल्ली आहे आणि देवदूत इवल्याशा आत्म्यांना कमानींच्या घरात, म्हणजे स्वर्गात, चढवत आहेत. पलीकडच्या बाजूला आत्म्यांचा तराजू आहे. एका पारड्याशी महादूत मीखाएल आहे, तर दुसऱ्या बाजूने हाडकुळा सैतान तराजूची दांडी आपल्याकडे ओढण्याची खटपट करतो आहे. मीखाएलच्या झग्याच्या घोळात दोन भेदरलेले आत्मे लपले आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात मेंढरे उजवीकडे व शेरडे डावीकडे करण्याचा जो प्रसंग आहे, त्याची ही दगडातील मांडणी होय. तराजू मात्र त्या अध्यायात नाही. तो परंपरेने जोडला आहे.

खालच्या पाषाणपट्टीवर मृत माणसे थडग्यांतून उठत आहेत. ही रांग यात्रेकरूच्या डोक्यावर लगेचच येते, आणि माझ्या मते संपूर्ण द्वाराचा खरा आघात येथे आहे, वरच्या भव्य न्यायाधीशात नाही. डावीकडच्या रांगेत झोळ्या घेतलेले दोन यात्रेकरू आहेत. एकाच्या झोळीवर स्पेनमधील सांतियागोच्या यात्रेची खूण असलेला शिंपला आहे, दुसऱ्याच्या झोळीवर यरुशलेमचा क्रूस. दारात उभा राहणारा भाविक स्वतःलाच तारलेल्यांत पाहत असे. उजवीकडे कंजुषाच्या गळ्यात पैशांची थैली आहे, कामुक स्त्रीच्या छातीला साप डसले आहेत आणि एका माणसाची मान वरून आलेल्या दोन राक्षसी पंजांनी पकडली आहे. त्या पंजांचा धनी दिसत नाही. शिल्पासोबत कोरलेल्या लॅटिन पद्यपंक्ती हेच स्पष्ट शब्दांत सांगतात: ऐहिक मोहात अडकलेल्यांना हे भय भेडसावो, कारण येथे दाखवलेली भीषणता त्यांच्या वाट्यास येणार आहे.

बाहेरच्या कमानीवर वर्तुळांच्या ओळीत बारा राशी आणि बारा महिन्यांची कामे आहेत. त्यांत द्राक्षांची तोडणी आहे, डुकरांना ओकची फळे चारणे आहे. न्यायाच्या अखेरच्या दिवसाभोवती शेतकऱ्याचे वर्ष गुंफण्याची ही कल्पना रोमनेस्क द्वारांवर वारंवार आढळते. काळ ईश्वराच्या हाती आहे, आणि माणसाचे तारण त्याच काळात केलेल्या श्रमांतून होते, असा तिचा आशय सांगितला जातो. सर्वांत आतल्या कमानीवर बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकातील, देवाच्या सिंहासनाभोवती बसलेले चोवीस वडीलजन होते. ते नष्ट झाले असून ती कमान आज साधी आहे.

ख्रिस्ताच्या पायाशी ‘गिस्लेबेर्तसने हे केले’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत. त्यावरून हे संपूर्ण काम गिस्लेबेर्तस नावाच्या एका प्रतिभावान शिल्पकाराचे समजले गेले. विसाव्या शतकाच्या मध्यास देनी ग्रिव्हो आणि जॉर्ज झार्नेकी या अभ्यासकांनी हे मत दृढ केले. कला-इतिहासकार लिंडा सायडेल यांनी १९९९ मध्ये त्याला आव्हान दिले. त्यांच्या मते हे नाव दहाव्या शतकातील एका सरदाराचे असून लाजरच्या अवशेषांशी त्याचा संबंध दाखवण्यासाठी ते कोरले गेले. एवढ्या मोक्याच्या जागी कारागिराचे नाव येणे अपवादात्मक आहे, हे मान्य करूनही शिल्पकाराचा पक्ष सोडण्याइतका हा युक्तिवाद निर्णायक वाटत नाही.

१७६६ मध्ये येथील धर्माधिकाऱ्यांना ही शिल्पे असभ्य व हास्यास्पद वाटली आणि त्यांनी टिंपॅनम गिलाव्याखाली झाकला. ख्रिस्ताचे डोके पुढे आलेले असल्याने गिलावा सपाट बसेना, म्हणून ते फोडून काढण्यात आले. या अनादराचा परिणाम मात्र उलटा झाला: काही वर्षांनी फ्रेंच राज्यक्रांतीत असंख्य चर्चमधील मूर्तींची तोडफोड झाली, तेव्हा हा शिल्पपट गिलाव्याआड सुरक्षित राहिला. १८३७ मध्ये गिलावा काढण्यात आला. डोके मात्र शंभराहून अधिक वर्षे वेगळेच राहिले. स्थानिक रोलँ संग्रहालयातील एक शिरशिल्प तेच असल्याचे १९४८ मध्ये ग्रिव्हो यांनी ओळखले आणि ते मूळ जागी बसवले.

उत्तरेकडील द्वाराचे नशीब तसे नव्हते. शहराकडून येणारे लोक त्या दाराने आत येत. त्याच्या टिंपॅनमवर लाजर मेलेल्यांतून उठतो तो प्रसंग होता आणि पाषाणपट्टीवर आदाम व हव्वा. अठराव्या शतकात ते मोडण्यात आले. हव्वेचा तुकडा एका घराच्या बांधकामात दगड म्हणून वापरलेला १८५६ मध्ये सापडला. झाडाझुडपांत आडवी झालेली हव्वा एक हात गालाशी नेऊन काही कुजबुजते आहे आणि मागे न पाहता दुसऱ्या हाताने फळ खुडते आहे. तिची ही सरपटती ठेवण सापाची आठवण करून देणारी आहे, तर काही अभ्यासकांना तीत प्रायश्चित्त घेणाऱ्या पाप्यांचे जमिनीवर पडणे दिसते. मूळ योजनेत म्हणून दोन द्वारे एकमेकांस पूरक होती. उत्तरेला पापाचा आरंभ आणि त्यावर मृत्यूतून उठलेला लाजर, पश्चिमेला सर्वांचे उठणे आणि न्याय. आज हव्वा रोलँ संग्रहालयात आहे.