नेको वेफर्स : चकतीमागचं यंत्र

नेको वेफर्स म्हणजे अमेरिकेतल्या साखरेच्या पातळ, गोल चकत्या. त्यांच्या कृतीत गुपित असं फारसं नाही. साखर, कॉर्न सिरप, जिलेटिन, डिंक, रंग आणि स्वाद, एवढंच. या ब्रँडचा इतिहास खरं तर यंत्रांचा आहे.

१८४०च्या दशकात बॉस्टनमध्ये औषधविक्रेते घशाच्या गोळ्या हातानेच करत. साखर-डिंकाचा गोळा मळायचा, लाटायचा, एकेक चकती कापायची. इंग्लंडहून आलेल्या ऑलिव्हर चेस या औषधविक्रेत्याने १८४७ मध्ये त्यासाठी हाताने फिरवायचं यंत्र तयार केलं. रुळांतून गेलेल्या गोळ्याच्या सारख्या आकाराच्या चकत्या पडू लागल्या. अमेरिकेतलं मिठाईचं पहिलं यंत्र म्हणून त्याचं नाव घेतात. औषधापेक्षा गोडाला गिऱ्हाईक जास्त, हे ओळखून त्याने भावासोबत कंपनी काढली आणि पुढे साखर दळायचं यंत्रही केलं. ते गरजेचंच होतं, कारण साखर भरड राहिली की चकती खरखरीत लागते आणि कडेने झडते.

चकत्या भाजत नाहीत, सुकवतात. गोळा सैल झाला तर साच्याला चिकटतो, कोरडा पडला तर पापडीला चिरा जातात, आणि वरची बाजू आधी वाळली तर चकती वाकडी होऊन कागदी गुंडाळीत नीट बसत नाही. मात्र एकदा सुकली की तिच्यात पाणी जवळजवळ नसतं, आणि स्निग्धांशही नगण्य. त्यामुळे ती खवट होत नाही, उन्हात वितळतही नाही. अमेरिकी नौदलाचे ॲडमिरल बर्ड यांच्या १९३०च्या दशकातल्या अंटार्क्टिका मोहिमेवर अडीच टन वेफर्स गेली आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्यात पडली, ती चवीपेक्षा या टिकाऊपणामुळेच. (जिलेटिन प्राणिजन्य असतं, शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं.)

१९०१ मध्ये चेस कंपनी आणि आणखी दोन कंपन्या एकत्र येऊन न्यू इंग्लंड कन्फेक्शनरी कंपनी झाली. तिची आद्याक्षरं म्हणजे नेको; १९१२ पासून ते नाव वेफर्सना लागलं. स्वाद आठ: लिंबू (पिवळं, लेमन), लाइम (हिरवं लिंबू), संत्रं, लवंग, दालचिनी, विंटरग्रीन, चॉकलेट आणि काळं ज्येष्ठमध. गुलाबी विंटरग्रीनचा वास आपल्याकडे सांधेदुखीच्या मलमामुळे ओळखीचा आहे, म्हणून ती चकती अनेकांना पहिल्याच घासाला नकोशी वाटते.

२००९ मध्ये कंपनीने नैसर्गिक रंग-स्वाद आणले, चकती मऊ केली आणि लाइम काढून टाकलं. जुनं गिऱ्हाईक बिथरलं, विक्री सुमारे ३५ टक्के घसरली. २०११ मध्ये जुनी कृती परत आली. ज्याचा खप आठवणींवर चालतो त्या मालाची चव बदलायला निघणं हा आततायीपणाच होता.

२०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि जुलैत बॉस्टनजवळच्या रिव्हिअरमधला तिचा कारखाना एकाएकी बंद झाला. ब्रँड ओहायोच्या स्पँगलर कंपनीने घेतला, पण नाव विकत घेऊन चकत्या पडत नाहीत; यंत्रं हलवून पुन्हा बसवावी लागली. वेफर्स दुकानांत यायला २०२० उजाडलं. ‘स्वीटहार्ट्स’ या नेकोच्याच, मजकूर छापलेल्या बदामाच्या (हृदयाच्या) आकाराच्या गोळ्यांचा २०१९ चा व्हॅलेंटाइन डे हुकलाच. पुढच्या वर्षी त्या आल्या, पण छपाईचं यंत्र नीट चालेना, त्यामुळे बरेच बदाम मजकुराविना कोरेच पाकिटांत गेले.