नास्तिक म्हणजे देव न मानणारा? जुना अर्थ वेगळाच

रावेरकडे वादळात केळीची बाग आडवी झाली की पारावर वाद ठरलेलाच. "देव असता तर असं झालं असतं का?" "गप रे, नास्तिका!"

पण नास्तिक म्हणजे देव न मानणारा, हा जुना अर्थ नव्हे. मनुस्मृती (२.११) वेदनिंदकाला नास्तिक म्हणते. सांख्य आणि पूर्वमीमांसा ही दर्शनं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या शाखा, जगाचा कर्ता ईश्वर मानत नाहीत, तरी वेद मानतात म्हणून आस्तिकांतच मोजली जातात!

पहिल्याचा प्रश्नही अर्धाच. वादळाने कोंडी होते ती एकाच वेळी सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि दयाळू असलेल्या देवाची. यातलं एक विशेषण काढा, कोंडी सुटते. वेदान्ताचा मूळ ग्रंथ ब्रह्मसूत्र (२.१.३४) दुसरी वाट काढतं: ईश्वर कर्मानुसार फळ देतो, म्हणून तो पक्षपाती किंवा निर्दय ठरत नाही. मला हे पटत नाही. बांधापलीकडची बाग उभी राहिली, ती कोणाच्या कर्माने?