लॉटरीच्या तिकिटाला अठराची अट आली कुठून?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात पत्ते कुटले जातात, हे इथल्या कुणाला सांगावं लागत नाही. पोरीबाळी झोक्यावर, पुरुष ओट्यावर, आणि ओट्याच्या कडेला वाकून बापाच्या हातातले पत्ते बघणारी शाळकरी पोरं. एरवी हाच खेळ धुळे-जळगावच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर येतो: झन्नामन्ना, बावन्न पत्ते, रोख रक्कम जप्त, जुगार प्रतिबंधक कायदा कलम 12 (अ). हा कायदा 1887 चा, मुंबई इलाख्यातला. तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबार असे तीन जिल्हे नव्हते, अख्खा खान्देश एकच जिल्हा होता.

गंमत अशी की या कायद्याने जुगाराची व्याख्या करताना लॉटरीला सरळ बाहेर ठेवलं. कारण लॉटरीचा बंदोबस्त आधीच झाला होता. 1870 मध्ये भारतीय दंड संहितेत कलम 294-अ घातलं गेलं आणि सरकारी परवानगीशिवाय लॉटरीचं कार्यालय चालवणं गुन्हा ठरला. (आता ते कलम भारतीय न्याय संहितेत 297 म्हणून आलं आहे.) तेव्हापासून कायदा लॉटरीबद्दल एकच प्रश्न विचारत आलाय: सोडत कुणाची? तिकीट घेणारा कोण, त्याचं वय काय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मग अठरा आले कुठून? ते लॉटरीसाठी कुणी ठरवलेच नाहीत. लॉटरीचं तिकीट म्हणजे नंबर लागला तर बक्षीस मागण्याचा हक्क, आणि हा हक्क येतो करारातून. 1872 चा करार कायदा म्हणतो, करार सज्ञान माणसानेच करावा. सज्ञान कोण, ते 1875 च्या कायद्याने सांगितलं: वयाची 18 वर्षं पूर्ण झालेला. त्याला एक शेपूटही होतं. कोर्टाने पालक नेमला असेल, तर तो मुलगा 21 पर्यंत अज्ञान. म्हणजे शिरपूरच्या एखाद्या पोरक्या पोराच्या मळ्यावर कोर्टाने पालक बसवला असेल, तर त्याच्या वर्गमित्रापेक्षा तो तीन वर्षं उशिरा मोठा होणार. हे शेपूट 1999 मध्ये छाटलं गेलं.

अज्ञान मुलाचा करार किती कच्चा, हे 1903 च्या मोहोरीबीबी खटल्यात पक्कं झालं. कलकत्त्याच्या धर्मोदास घोष या तरुणाने सज्ञान होण्याआधी सावकाराकडे घर गहाण टाकलं होतं. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने सांगितलं, असा करार मुळातच शून्य. लॉटरीच्या काउंटरवर 'अठराच्या आतल्याला तिकीट नाही' असं म्हणतात, त्याचा पाया हा असा गहाणखतात आहे. पोरांना सोडतीच्या नादापासून वाचवावं, असं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली ती 12 एप्रिल 1969 ला. केरळने दोन वर्षं आधी वाट दाखवली होती. त्या काळी मतदानाचं वय 21 होतं. म्हणजे एकोणीस वर्षांचा पोरगा भुसावळ स्टेशनबाहेर सरकारचं तिकीट घेऊ शकत होता, पण त्याच सरकारला मत देऊ शकत नव्हता. हा उफराटेपणा 61 व्या घटनादुरुस्तीनंतर, 1989 मध्ये संपला.

पुढची भांडणं सगळी पैशांची आणि हद्दीची. दुसऱ्या राज्यांची तिकिटं इथे विकू देणार नाही, असं महाराष्ट्राने म्हटलं, तर 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उडवली. राज्यांच्या लॉटऱ्या हा केंद्राचा विषय. मग एकेरी अंकाच्या सोडतींचं पेव फुटलं. दिवसातून अनेकदा निकाल, म्हणजे मटक्याचंच सरकारी शिक्क्याचं रूप. त्यावर 1998 चा लॉटरी नियमन कायदा आला. एकेरी अंकावर बक्षीस नाही, एका लॉटरीची आठवड्याला एकापेक्षा जास्त सोडत नाही, वर्षाला सहाच बंपर (मोठ्या बक्षिसांच्या खास सोडती), सोडत राज्याच्या हद्दीतच, आणि इतर राज्यांच्या तिकिटांना बंदी घालण्याचा अधिकार. अटींची एवढी मोठी यादी, पण गिऱ्हाइकाच्या वयाची अट त्यात नाही. मला हे दुर्लक्षच वाटतं. 1999 मध्ये हा कायदा उचलून धरताना सर्वोच्च न्यायालयाने तर स्पष्टच म्हटलं की सरकारने चालवली म्हणून लॉटरी जुगार असायची थांबत नाही.

तंबाखूच्या बाबतीत हाच संसद नावाचा कारभारी जागा होता. 2003 च्या कायद्याने 18 वर्षांखालच्यांना विक्री बंद केली आणि शाळेपासून 100 यार्डांची हद्द आखली. 2015 च्या बाल न्याय कायद्यात तर मुलाच्या हाती दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. त्या कलमात लॉटरीचं तिकीट नाही. त्यामुळे एकाच चौकात पानटपरीवर अठराची पाटी लागते आणि शेजारच्या लॉटरीच्या टेबलावर सगळं विकणाऱ्याच्या नजरेवर चालतं.

नवापूरचं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. गुजरातेत लॉटरी चालतच नाही. तिथे चाळीस वर्षांच्या माणसालाही तिकीट नाही, आणि चार पावलं इकडे आलं की सगळा हिशेब 1875 च्या अठरावर.

बक्षीस लागलंच तर घरोघरी तोडगा ठरलेला: तिकिटाच्या पाठीमागे बापाचं नाव, बापाची सही. मुलाच्या नावाने आलेल्या पैशाचा विचार 1961 च्या आयकर कायद्याने मात्र व्यवस्थित केला होता. अज्ञान मुलाने स्वतःच्या कष्टाने किंवा कौशल्याने कमावलं तर ते त्याचं, बाकीचं उत्पन्न आईबापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या खात्यात धरायचं. लॉटरीत कौशल्य नसतं. म्हणून कर बापाने किंवा आईने भरायचा, आणि तोही सपाट 30 टक्के, वर अधिभार आणि उपकर वेगळा.