घरगुती हिरवळीतील हुमणी

हुमणी म्हणजे काही भुंगेऱ्यांची, जमिनीत राहून मुळे कुरतडणारी अळी होय. हिंदीत तिला सफेद लट म्हणतात. महाराष्ट्रात ती उसावरील कीड म्हणून कुप्रसिद्ध असली, तरी इंदूरसारख्या शहरात घरापुढे हौसेने राखलेल्या हिरवळीलाही तिचा उपद्रव होतो.

अळी मळकट पांढरी, मांसल व अर्धचंद्राकृती वळलेली असते. डोके तपकिरी, छातीवर पायांच्या तीन जोड्या आणि पोटातील मातीमुळे शेपटाकडचा भाग करडा दिसतो. पहिला दमदार पाऊस पडला की, म्हणजे इंदुरात बहुधा जूनमध्ये, भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर जमतात आणि पहाटेपूर्वी पुन्हा मातीत शिरतात. मादीने ओलसर मातीत घातलेली अंडी साधारण 8 ते 15 दिवसांत फुटतात. लहान अळ्या कुजका पालापाचोळा व तंतुमुळे खातात. मोठ्या झाल्या की जाड मुळांवर तुटून पडतात. पुढे त्या खोल जाऊन कोषात जातात, आणि त्यांतून निघालेले भुंगेरे पुढील पावसापर्यंत जमिनीतच थांबतात. वर्षाला सहसा एकच पिढी होते.

भर पावसाळ्यात हरळीचे पट्टे पिवळे पडले, तरी लगेच हुमणीला दोष देऊ नये. माळव्याच्या काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजल्यानेही तसेच दिसते. खरी परीक्षा हाताने होते. पिवळे गवत मुठीत धरून ओढले असता, हुमणी असल्यास ते मुळे तुटल्यामुळे चटईसारखे उचलून येते. पिवळ्या पट्ट्याच्या कडेला, जिथे गवत अजून हिरवे आहे तिथे, एक फूट लांबी-रुंदीचा तुकडा तीन बाजूंनी कापून उलटावा आणि खालची दोन-तीन इंच माती चाळून अळ्या मोजाव्यात. निरोगी, खोल मुळांची हिरवळ चौरस फुटात पाचापर्यंत अळ्या सहज सोसते. दहाच्या वर गेल्यास उपाय करावा. साळुंक्या व बगळे एकाच जागी वारंवार चोची मारत असतील, तर तीही खूण समजावी. शेणखताच्या ढिगात सापडणारी, सपाट जागी ठेवल्यास पाठीवर सरपटत जाणारी अळी मात्र फुलभुंग्याची असते. ती मुळे खात नाही, उगीच मारली जाते.

नियंत्रणात औषधापेक्षा वेळ महत्त्वाची. पहिल्या पावसानंतरच्या रात्री कडुनिंबाच्या फांद्या हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकणे हा शेतकऱ्यांचा उपाय अंगणातही चालतो, पण शेजाऱ्यांनीही तो केला तरच. भुंगेरे कुंपण मानत नाहीत. कच्चे शेणखत पसरू नये. अळ्यांना मारणारी मेटाऱ्हायझियम बुरशी किंवा हेटेरोऱ्हॅब्डायटिस सूत्रकृमी (अतिसूक्ष्म जंत) जुलै-ऑगस्टमध्ये, अळ्या लहान व वरच्या थरात असताना, ओल्या मातीत संध्याकाळी द्यावेत, कारण ऊन व कोरडेपणा त्यांना सोसत नाही. अमेरिकेत वापरली जाणारी ‘मिल्की स्पोर’ ही जिवाणूंची भुकटी जपानी भुंगेऱ्यापुरतीच असल्याने येथे निरुपयोगी आहे. इमिडाक्लोप्रिडसारखी रसायने लहान अळ्यांवरच चांगली लागू पडतात आणि मधमाश्यांना घातक असल्याने फुलांच्या वाफ्यांपासून दूर, वेष्टनावरील सूचनेनुसारच वापरावीत. ऑक्टोबरनंतर अळ्या खोल गेल्यावर औषध ओतणे म्हणजे पैसा मातीत घालणे. मेलेल्या पट्ट्यात हरळीच्या नव्या काड्या लावून पाणी राखल्यास ती जागा पुन्हा भरते.