ट्यूब गेली की चॅसी थकली?

जुन्या आर्केड गेमचं चित्र फिकट आणि धुरकट दिसायला लागलं की निकाल लगेच लागतो : ट्यूब, म्हणजे पडद्याची काचेची पिक्चर ट्यूब, गेली. पुष्कळदा दोष असतो चॅसीत, म्हणजे ट्यूबमागच्या सर्किटमध्ये, आणि शिक्षा होते ट्यूबला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असाच हा प्रकार. चॅसीतले कपॅसिटर आजही नवे मिळतात. आर्केडच्या मापाच्या कलर ट्यूबचं उत्पादन मात्र कधीच आटोपलं आहे, त्यामुळे चांगली ट्यूब काढून टाकणं हे खरं नुकसान आहे.

ट्यूब थकते म्हणजे तिच्या मानेतल्या (मागच्या निमुळत्या भागातल्या) लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या तीन गन थकतात. प्रत्येक गनमधलं कॅथोड हीटरनं तापतं आणि इलेक्ट्रॉन सोडतं. वर्षानुवर्षं चालून कॅथोडवरचा लेप क्षीण होतो आणि इलेक्ट्रॉन कमी पडतात. अशा ट्यूबला चित्र उजळायला बराच वेळ लागतो. कॉन्ट्रास्ट वाढवला की उजळ भाग आणखी उजळण्याऐवजी पसरतात, त्यांच्यावर चंदेरी झाक येते आणि आतले तपशील बुजतात. तिन्ही गन एकाच वेगानं झिजत नाहीत, म्हणून बहुधा एखादा रंग बाकीच्यांच्या मागे पडतो.

चॅसी थकते ती बहुतेक वेळा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकल्यामुळे. मग कडा नागमोडी हलतात, उंची आक्रसते, वरचा भाग स्वतःवरच दुमडतो किंवा सगळं चित्र मिटून मधोमध एक झगझगीत आडवी रेघ उरते. यातलं काहीही गन झिजल्यामुळे होत नाही. चित्राचा आकार चॅसी आणि योक (मानेभोवतीच्या, किरण वळवणाऱ्या कॉइल) ठरवतात. आकार बिघडला असेल तर ट्यूबला हात लावू नका.

खरा घोळ होतो उजेड आणि रंग बिघडल्यावर, कारण तिथे दोघांच्या खुणा अगदी सारख्या दिसतात.

हीटरचंच बघा. या ट्यूबच्या हीटरला साधारणपणे 6.3 व्होल्ट लागतात. नेक बोर्डवर, म्हणजे मानेच्या टोकावर बसणाऱ्या छोट्या सर्किटवर, सोल्डरला चीर गेली किंवा सॉकेटची पिन गंजली की व्होल्टेज कमी पडतं, कॅथोड पुरतं तापत नाही आणि धडधाकट ट्यूब म्हातारीसारखी वागते. बऱ्याच चॅसींत हीटरचा पुरवठा फ्लायबॅकमधून, म्हणजे ट्यूबसाठी उच्च व्होल्टेज तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून, येतो. तो साध्या मेन्सच्या लहरीसारखा नसतो, म्हणून स्वस्तातला मल्टिमीटर तिथे चुकीचा आकडा दाखवतो. मानेतली नारिंगी धग मंद वाटली, तर आधी सॉकेट साफ करा आणि नेक बोर्डचे जोड पुन्हा सोल्डर करा. ट्यूब ‘वाचवणारा’ इतका सोपा उपाय दुसरा नाही.

एखादा रंग गायब असेल, समजा लाल, तर मशीन बंद करून गेम बोर्डकडून येणाऱ्या लाल आणि हिरव्या तारांची अदलाबदल करा. आता हिरवा गायब झाला, तर दोष गेम बोर्डचा किंवा तारेचा. लालच गायब राहिला, तर दोष मॉनिटरमध्ये आहे. पुढची पायरी तिन्ही कॅथोडचं व्होल्टेज तुलनेनं मोजण्याची. कॅथोडवरचं व्होल्टेज जितकं जास्त, तितकी ती गन बंद. लालचं व्होल्टेज इतर दोघांपेक्षा खूप वर असेल, तर नेक बोर्डच तिला दाबून ठेवतोय. तिन्ही सारखी असूनही लाल फिका असेल, तेव्हा कुठे गनवर संशय घ्यावा.

याच्या उलट, सगळा पडदा एकाच रंगात भगभगतो आणि त्यावर तिरक्या परतीच्या रेघा (किरण खालून वर परतताना उमटणाऱ्या) दिसतात, तेव्हा दोन शक्यता असतात : नेक बोर्डवरचा, त्या गनला चालवणारा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे किंवा ट्यूबच्या आत हीटर आणि कॅथोड चिकटलेत. मानेवर प्लॅस्टिकच्या काडीनं हळूच टकटक केल्यावर रंग लुकलुकला, तर शॉर्ट बहुधा आतच आहे. पण हलक्या हातानं. मान हा ट्यूबचा सगळ्यात नाजूक भाग.

धूसरपणाचं थोडक्यात : सगळा पडदा सारखाच धूसर असेल तर फ्लायबॅकवरचा फोकस फिरवून बघा, फक्त उजळ भागच पसरत असतील तर ट्यूब. पडदा बंद असतानाही चक्रव्यूहाची आकृती दिसत असेल, तर तो फॉस्फर, म्हणजे पडद्याच्या आतला चमकणारा लेप, जळल्याचा डाग आहे. कितीही कपॅसिटर बदलले तरी तो जात नाही.

हे सगळं करताना जीव सांभाळा. अनेक आर्केड चॅसी थेट मेन्सवर असतात, त्यांना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. 19 इंची कलर ट्यूबच्या अॅनोडवर (काचेवर रबरी टोपीखाली असलेल्या उच्च व्होल्टेजच्या टोकावर) सुमारे 20,000 व्होल्ट किंवा त्याहून जास्त असतात आणि मशीन बंद केल्यावरही ते टिकू शकतात. ट्यूबच्या अर्थ-पट्टीला (तिच्या पाठीवरच्या, अर्थला जोडलेल्या धातूच्या पट्टीला) जोडलेल्या, इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरनं ते उतरवा, आणि थोड्या वेळानं पुन्हा एकदा उतरवा, कारण काही चार्ज परत जमतो.

ट्यूब मेली आहे याचा निर्विवाद पुरावा बऱ्याचदा मानेतच असतो. बऱ्याच ट्यूबमध्ये तिथल्या काचेवर आतून गेटरचा, म्हणजे उरलीसुरली हवा शोषणाऱ्या धातूचा, चकचकीत चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली आहे आणि बाकी काही तपासण्यात अर्थ नाही. मग दुसरी ट्यूब शोधताना फक्त इंच बघू नका : विक्षेपाचा कोन (किरण किती वळतो तो), मानेची जाडी, सॉकेटची पिन-रचना आणि हीटरचं व्होल्टेज जुळायला हवं, आणि ट्यूबसोबत आलेला योक वापरायचा असेल तर त्याच्या कॉइल तुमच्या चॅसीला चालतील का, हेही मोजून घ्या.